मुठीतलं अंतर

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून नोंदी ठेवते आहे. भावना लिहिणार नाही. त्या खात्यासाठी घरात आई आहे.

विषय: पप्पा. साहेबराव, वय एकसष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लेथवर टर्नर होते, आता निवृत्त. नेहरूनगरच्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. चार वर्षांपासून सांधे धरलेत. हा वयाच्या सांधेदुखीचा प्रकार नव्हे. यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. बोटं वाकायची बंद झाली तशी ढोलकी कपाटावर गेली. मागच्या दोन्ही जयंत्यांना पप्पा स्टेजसमोर खुर्चीत बसून होते, मांडीवर रिकामे हात ठेवून. (हे भावनेत मोडत नाही. हातांची स्थिती नोंदवली आहे.)

डॉक्टर मॅडमनी त्यांचं नाव एका ट्रायलमध्ये घातलं आहे. नवीन औषध आहे, पेप्टाइड. पंधरा दिवसांतून एकदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन. निम्म्या पेशंटना खरं औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नसतं, मॅडमनाही नसतं. मी चाकणला पेप्टाइड बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला असल्यामुळे या अज्ञानाचं महत्त्व घरात फक्त मला कळतं.

निश्चय: पप्पांना काय मिळतंय याचा अंदाज बांधायचा नाही.

उद्दिष्ट: १४ एप्रिलला पप्पा ढोलकी वाजवतील. हे मी आईसमोर बोलून गेले, त्यामुळे आता ते उद्दिष्ट झालं.

आजची मोजणी: उजवी मूठ मिटायला सांगितली. मधल्या बोटाचं टोक आणि तळहात यांच्यात राहिलेलं अंतर ३१ मिलिमीटर. मोजायला पप्पांचाच व्हर्निअर घेतला, निवृत्तीच्या दिवशी टूलरूमच्या पोरांनी दिलेला. "उलटा धरलास, इन्स्पेक्टर," पप्पा म्हणाले. सुलटा धरला. ३१च आले.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिलं इंजेक्शन शुक्रवारी झालं. आज दोघांना बसवून शास्त्र समजावलं. घरगुती उपमा न देता, सरळ.

प्रथिन म्हणजे शेकडो मण्यांची माळ. पेप्टाइड म्हणजे त्यातला दहा-वीस मण्यांचा तुकडा. आपल्या शरीरात काही पेशी प्रथिनांचे तुकडे करून ते आपल्या अंगावर लावून मिरवतात. दुसऱ्या पेशी येऊन प्रत्येक तुकडा तपासतात: आपला की परका? परका असेल तर हल्ला. पप्पांच्या शरीरात सांध्यातला एक तुकडा आपलाच असून परका ठरतोय. औषध म्हणजे हुबेहूब तोच तुकडा, थोडा थोडा, कुठलाही गोंधळ न करता पुन्हा पुन्हा दाखवायचा. तपासनीस पेशींना हळूहळू त्याची सवय व्हावी, आणि त्यांतल्या काहींनी बाकीच्यांनाही गप्प बसवावं, अशी कल्पना आहे. कल्पना. सिद्ध झालेली नाही.

पप्पा म्हणाले, "म्हणजे माल ओके आहे, इन्स्पेक्टर येडा झालाय."

मी म्हटलं, इन्स्पेक्टर शहाणा आहे, त्याचं गेज बिघडलंय.

"मग रोज मास्टर पीस, अचूक मापाचा नग, दाखवायचा त्याला. आम्ही तसंच करायचो. मशिन बंद करायची नाही, साहेबाला सांगायचं नाही."

बरंचसं बरोबर. मार्क दिले नाहीत.

आई म्हणाली, "एवढं सोपं होतं तर डॉक्टर लोक इतकी वर्षं काय करत होते?" प्रश्न योग्य. उत्तर दिलं, की जुनी औषधं सगळं इन्स्पेक्शनच ढिलं करतात. दुखणं थांबतं, पण मग खराब मालही गेटातून आत येतो, म्हणजे जंतू. पेप्टाइडचा फायदा हा, की एकाच तपासनिसाला समजावता येतं. "आणि निम्म्यांना मिठाचं पाणी? माणसं काय चटणी आहेत का?" हा आईचा दुसरा प्रश्न. त्याला उत्तर दिलं नाही.

पप्पांनी विचारलं, "आमू, हे तुमच्याच कंपनीचं ना?"

आमच्याकडे माल ग्राहकाच्या कोड नंबरने बनतो. कशासाठी, कोणासाठी, ते आम्हाला कळत नाही. शिवाय गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे. हो म्हणणं चूक, नाही म्हणणंही चूक. अचूक उत्तर दिलं: "सांगता येत नाही."

पप्पा बराच वेळ मान हलवत राहिले. मग आईकडे बघून हसले. व्यावसायिक शिस्त काय असते ते या घराला आज प्रथम दिसलं असावं.

८ डिसेंबर, रविवार

३०.५. अर्धा मिलिमीटर मोजणीतल्या चुकीतही बसतो. बसतो हे मला माहीत आहे. तरी शाईने लिहिलं.

२२ डिसेंबर, रविवार

३२. थंडी. थंडीत सांधे आखडतात, हे सर्वमान्य आहे. शिवाय स्टीलसुद्धा आकसतं, म्हणजे व्हर्निअरही पूर्ण विश्वासाचा नाही. (नंतर हिशोब केला. या थंडीत व्हर्निअर आकसेल तो केसाच्या जाडीइतकाही नाही. तरी वाक्य राहू दे.)

५ जानेवारी २०२५, रविवार

पुन्हा ३२.

मी काहीही बोलले नाही. माझा चेहरा मोजणीच्या वेळी कोरा असतो. आईचं म्हणणं वेगळं. "तू मोजून झालं की तोंड असं करतेस, जसं दूध नासलंय. ते बिचारे रात्रीपासून घाबरतात, उद्या रविवार म्हणून." मी तिला सांगितलं, की माणसाला घाबरवेल असं व्हर्निअरमध्ये काही नाही. सनीने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, मध्येच विचारलं, "दीदी, जिममध्ये पोरं पेप्टाइड मारतात, ते तुमच्याकडून मिळेल का सूट लावून?" तो हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो आणि ट्रॅफिकमध्ये मोबाइलवर विज्ञान शिकतो. त्याला चहा करायला पाठवलं.

पप्पांनी आज छान प्रश्न विचारले. "माल नापास झाला तर कळतं का, कोणी बनवला, कोणी तपासला?" कळतं, म्हटलं. प्रत्येक बॅचला नंबर, नंबरावर तपासणाऱ्याची सही. "म्हणजे तुझी सही असते." असते. "आणि नापास निघाला तर?" तर चौकशी होते, सही करणाऱ्याला बोलावतात. "नोकरीवर येतं का मग त्याच्या?" म्हटलं, येऊ शकतं.

चारही उत्तरं तंतोतंत. तेहेतीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेल्या माणसाची समज पक्की असते. समाधान वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

मारुतकाका तिळगूळ घेऊन आले. मारुतराव मोशीचे. पप्पांच्या शेजारच्या लेथवर वीस वर्षं होते. मग गावच्या जमिनीला भाव आला, आता मोठी गाडी आहे, पण दुसऱ्याचा डबा खायची खोड तीच: आल्याबरोबर स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याचं झाकण उघडतात.

मला म्हणाले, "काय गं सायंटिस्ट, बापाचं हात कदी मोकळं करतीस? जयंतीला तीन म्हयनं ऱ्हायलं. आमी काय सनीची ढोलकी ऐकायची का? त्ये पोरगं ढोलकी न्हाई वाजवत, दार वाजवतं."

मी म्हटलं, जैविक प्रक्रियेला वेळ लागतो.

"लागू दे की. पन माज्या टायमात लागू दे."

नंतर पप्पा आणि काका गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बोलत होते. जुने मित्र आहेत. मी अशा गोष्टींत पडत नाही.

२६ जानेवारी, रविवार

१९.

तीनदा मोजलं. शून्य जुळवून पुन्हा मोजलं. १९.

पप्पा म्हणाले, "बघ नीट, इन्स्पेक्टर. नंतर तक्रार नको." आवाजात जरा मस्ती होती, टूलरूमची असावी तशी.

शास्त्रीय विवेचन: सहनशीलता शिकायला पेशींना आठवडे लागतात. म्हणून आधी काही नाही आणि मग एकदम उतार, हे अपेक्षितच होतं. मला अपेक्षित होतं. पप्पांना खरं औषधच मिळतंय. हा अंदाज नव्हे, निष्कर्ष आहे, त्यामुळे नोव्हेंबरचा निश्चय मोडला असं होत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

११. इतर निरीक्षणं:

भूक सुधारली. काल चार भाकऱ्या, वर भात. चेहरा भरला, गालांवर तकाकी. आई म्हणते, लग्नातल्या फोटोपेक्षा गुटगुटीत दिसतात. उत्साह प्रचंड. पहाटे उठून पंखे पुसतात, ड्रॉवरच्या कुलपांना तेल घालतात. आईची तक्रार अशी, की ते झोपतच नाहीत. मी म्हटलं, चार वर्षं दुखण्याने हिरावलेली वर्षं माणूस भरून काढतोय. वाक्यात "वर्षं" दोनदा आलं, पण मुद्दा बरोबर.

ढोलकी कपाटावरून उतरली. संध्याकाळी पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार: बी विंगमधून मोठा आवाज येतोय, मुलांच्या परीक्षा आहेत. कोणीतरी खाली लिहिलं, भजन असतं तर हरकत नव्हती. स्क्रीनशॉट काढून ठेवला. औषधाच्या परिणामाचा त्रयस्थ पुरावा म्हणून.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन

कंपनीच्या कँटीनमध्ये कामगारांसाठी मराठीत बोलले. विषय: पेप्टाइड आणि रोगप्रतिकारशक्ती. मुद्दे नेमके होते.

एक, हे आपल्यात आहेतच. आपली कातडी आणि आतडी स्वतः छोटी पेप्टाइड्स तयार करतात. ती जंतूंना भोकं पाडतात आणि जाता जाता बाकीच्या पेशींना हाकही मारतात. दोन, काही पेप्टाइड सुस्तावलेल्या प्रतिकारशक्तीला उठवतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत सापडलेल्या एकाची नक्कल काही देशांत काविळीच्या जुनाट विषाणूवर देतात. रक्तात विष पसरतं त्या आजारात तिचा उपयोग होईल अशी आशा होती, निकाल मात्र उलटसुलट आले. तीन, काही पेप्टाइड खवळलेल्या प्रतिकारशक्तीला निववतात. नसांवरचं आवरण झडतं त्या आजारात असं एक औषध पुष्कळ वर्षं वापरात आहे. बुरशीतून मिळालेलं गोल कड्यासारखं एक पेप्टाइड बदललेली किडनी टिकवतं, पण ते सगळ्या इन्स्पेक्शनलाच झोपवतं. चार, अडचण. गिळलं तर पोट त्याला डाळीसारखं पचवतं, टोचलं तर रक्त काही मिनिटांत कापून टाकतं. म्हणून त्याला टिकवणं हीच आमची कारागिरी.

प्रश्नोत्तरं. पॅकिंगचा पिंटू: "मॅडम, ह्याने केस येतात का?" स्टोअरमधून कोणीतरी: "तुझ्या डोक्यावर शेणखत घाल." मेंटेनन्सचे अर्जुनराव: "मॅडम, तुम्हाला कसं कळतं खरंच गुण आला, का मनाचा खेळ?" उत्तम प्रश्न. सांगितलं, की म्हणूनच निम्म्यांना मिठाचं पाणी देतात, आणि म्हणूनच ज्याला निकाल हवाहवासा वाटतो त्याने निकाल बघायचा नसतो.

टाळ्या मिळाल्या. ते वाक्य चांगलं होतं. वहीत उतरवून ठेवते आहे.

१६ मार्च, रविवार

३. तीन!

कालच्या तपासणीत साखर वाढलेली, वजनही. कारण उघड आहे: होळी, पुरणपोळी. आईने तर तूपही वाढलं होतं. दंडावर दोन निळे डाग आहेत. सनीची बाइक लागली असेल.

मॅडमनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता का? काढा, पुडी, कोणी दिलेलं काही?" पप्पा म्हणाले, "नाही." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही. घरात मी आहे." मॅडम पप्पांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कौतुकाने बहुधा. रक्ताची आणखी एक तपासणी लिहून दिली, सकाळी उपाशीपोटी करायची. पप्पा म्हणाले, जयंती होऊ दे, मग करू. मीही म्हटलं, जयंती होऊ दे.

१४ एप्रिल, सोमवार

पप्पांनी वाजवली.

नेहरूनगरचं स्टेज. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. पहिल्या गाण्याला जरा दबकत. दुसऱ्यापासून डाव्या हाताचा तो घुमारा आला, जो मी लहानपणी भिंतीपलीकडून ऐकत झोपायचे. मारुतकाका पहिल्या रांगेत फेटा बांधून. "वाजीव रं साहेबा! हानून पाड समदं!" असं ओरडत होते, आणि शेजारच्या आजी त्यांना गप्प बसवत होत्या, की गाणं ऐकू येऊ दे. सनी मंजिरीवर. आई बायकांच्या घोळक्यात उभी, काही न बोलता, हे आईच्या बाबतीत प्रथमच.

मी मागे जनरेटरजवळ उभी होते. धुराने डोळ्यांतून पाणी येत होतं. धूर पलीकडे जात होता, पण धुराचं काही सांगता येत नाही.

गाणी संपल्यावर पप्पा उतरले, घाम पुसत माझ्यापाशी आले आणि हात पुढे केला. "मोज." मी म्हटलं, व्हर्निअर घरी आहे. म्हणाले, "मग डोळ्यांनी मोज." मूठ मिटली. पूर्ण. "काय इन्स्पेक्टर? माल कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हटलं.

"लिही मग तसं तुझ्या साहेबाला."

त्याचा अर्थ लागला नाही. गर्दी होती.

२० एप्रिल, रविवार

०.

मोजणी थांबवता येईल. उद्दिष्ट पूर्ण. आता ट्रायलच्या निकालाची वाट. तोवर ठरवलं आहे: पप्पांच्या आकड्यांचा आलेख काढून फ्रेम करायचा. फ्रेम ही भावना नाही, सादरीकरण आहे.

३० एप्रिल, बुधवार

क्रमाने लिहिते.

रविवारी पप्पांच्या पायाला टाचेजवळ लहानशी चीर होती. सोमवारी पाय गुडघ्यापर्यंत लाल, ताप. मंगळवारी ते मला ओळखेनात. मला आत्या समजून बोलत होते. अ‍ॅम्ब्युलन्स, हॉस्पिटल, आयसीयू. जंतू रक्तात गेलेत. ज्या आजारावर पेप्टाइड चालेल का म्हणून जग शोधतंय, असं मी कँटीनमध्ये सांगितलं होतं, तोच.

डॉक्टर मॅडम आल्या. म्हणाल्या, उपचाराआधी कळायला हवं, ट्रायलमधलं औषध यांना मिळत होतं का. अशा वेळी कोणाला काय मिळालं त्याचं बंद पाकीट उघडायची परवानगी असते. त्यांनी फोन केला. मी शेजारी उभी होते. मला काय ऐकायचंय ते ठाऊक होतं.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मिठाचं पाणी."

मी म्हटलं, शक्य नाही, माझ्याकडे आकडे आहेत.

त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्रपाली, तू शिकलेली आहेस. गोल चेहरा, साखर, भूक, झोप नाही, अंगावर निळे डाग, आणि आता हा जंतुसंसर्ग. पेशंट दुसऱ्याचा असता तर तू काय म्हटलं असतंस?"

स्टेरॉइड. सगळी लक्षणं मीच, माझ्या अक्षरात, क्रमाने लिहून ठेवली आहेत.

मारुतकाका कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते, फेटा मांडीवर. मी जाऊन उभी राहिले. तेच बोलले.

"म्या आनली. मरकळच्या रस्त्याला एक जन देतो, हाडाची पुडी म्हून. माज्या मंडळींना बी दिल्याली. मला काय ठावं आत काय हाय." मग नाक पुसून म्हणाले, "तुजा बाप संक्रांतीला काय म्हनला म्हाईत हाय का? म्हनला, मारत्या, औशिद पोरीच्या कंपनीचं हाय. त्या मालावर तिची सही हाय. माज्यावर नापास झालं तर पोरीला चौकशीला बोलावत्यात. तोंडानं सांगत न्हाई, पन दर आयतवारी मोजताना तिचं तोंड बघवत न्हाई. काय बी कर, माजी मूठ मिटंल असं काय तरी आन."

मी म्हटलं, ते औषध आमच्या कंपनीचं होतं की नाही, हे मलाही माहीत नव्हतं.

काका म्हणाले, "मग सांगायचं व्हतंस की, पोरी."

सांगता येत नव्हतं, असं म्हणणार होते. म्हटलं नाही.

२ मे, शुक्रवार

आईने पप्पांच्या ढोलकीच्या पिशवीतून उरलेल्या पुड्या काढून दिल्या. "मला म्हणाले, शक्तीची आहे. मी दुधातून देत होते. माझ्याच हाताने गं."

एक पुडी कामावर नेली. आमच्या मशिनवर ती टाकली असती तर काही मिनिटांत स्क्रीनवर स्टेरॉइडचं टोक उमटलं असतं, बरोबर जिथे यायला हवं तिथे. पूर्ण शिफ्ट ती बॅगेत होती. चालवली नाही. बाहेरचा नमुना चालवायला बंदी आहे. आणि उत्तर माहीत होतं.

लंचला पिंटूने विचारलं, "मॅडम, तब्येत बरी नाही का?" म्हटलं, उत्तम.

११ मे, रविवार

पप्पा आयसीयूतून बाहेर. वाचले. मॅडम म्हणतात, थोडक्यात.

स्टेरॉइड एकदम बंद करता येत नाही. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून दिलंय, म्हणून आता डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने थोडं थोडं कमी करायचं. ट्रायलमधून नाव काढलं. त्यांचे आकडे कुठेच धरले जाणार नाहीत. हे योग्यच आहे. अशा आकड्यांनी निकाल बिघडतो.

दुपारी आई जेवायला गेली तेव्हा मी एकटी होते. पप्पांचा आवाज बारीक झालाय. म्हणाले, "आमू, माझ्यामुळे तुझं काही अडलं नाही ना? बोलावलं का तुला साहेबाने?"

सांगायच्या गोष्टी क्रमाने अशा होत्या: औषध आमचं होतं की नाही, मलाही माहीत नाही. तुम्हाला ते मिळतही नव्हतं, मिठाचं पाणी होतं. माल नव्हताच, पप्पा, नापास काय होणार होतं?

"नाही बोलावलं," मी म्हटलं.

"माल?"

"पास."

"तू सही केलीस?"

"केली."

डोळे मिटले त्यांनी. "मग ठीक." थोड्या वेळाने म्हणाले, "मी म्हटलं होतं मारत्याला, माझी पोरगी कच्चं काम करत नाही."

आजवर एकही खोटा आकडा लिहिला नाही, यावर माझी नोकरी चालते.

१ जून, रविवार

घरी येऊन आठवडा झाला. गोळी कमी होतेय तशी बोटं पुन्हा सुजली, आधीपेक्षा जास्त. कप दोन्ही हातांनी धरतात. ढोलकी आईने कपाटावर ठेवली, वर जुनं बेडशीट टाकून. ग्रुपवर कोणाचीच तक्रार नाही.

सकाळी चहा झाल्यावर पप्पांनी नेहमीच्या जागी बसून उजवा हात पुढे केला. रविवार आहे हे त्यांच्या लक्षात होतं. मूठ मिटायचा प्रयत्न सुरू झाला. कपाळावर घाम आला.

मी म्हटलं, "आज राहू दे, पप्पा. व्हर्निअर सापडत नाहीये."

तो माझ्या हातात होता.

पप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हात हळूच मांडीवर ठेवला.

"सापडेल कुठेतरी," म्हणाले. "घाई नको करू."